पंधरा-वीस वर्षांच्या अनुभवावर नोकरी शोधताना: सर्च फर्म, ओळखी की पोर्टल?

ज्याने कित्येक वर्षांत रेझ्युमेला हात लावलेला नाही असा माणूस नोकरी शोधायला बसला, की पहिल्या आठवड्यात हमखास पोर्टलवर पन्नासेक अर्ज टाकतो. काहीतरी केल्याचं समाधान मिळतं. दोन महिन्यांनी तीन-चार छापील नकार, बाकी सामसूम. मग तो स्वतःची समजूत घालतो की आपलं वय झालं. वय हे कारण असतंही कधीकधी, पण त्याआधी बहुतेकदा दार चुकलेलं असतं.

मी बरीच वर्षं माणसं निवडणाऱ्या बाजूला बसलोय. त्यामुळे पुढची मतं त्या खुर्चीतून आलेली आहेत, एवढं धरून वाचा.

सर्च फर्म

सर्च फर्म म्हणजे कंपन्यांना वरच्या पदांसाठी माणसं शोधून देणारी संस्था. इथे पहिला प्रश्न: पैसे कोण देतं? कॉर्न फेरी, इगॉन झेंडर, स्पेन्सर स्टुअर्ट अशा फर्मना पैसे देते कंपनी. फी साधारणपणे त्या पदाच्या पहिल्या वर्षाच्या मोबदल्याच्या एक तृतीयांश, आणि ती बहुधा तीन हप्त्यांत, शोध सुरू झाल्यापासूनच मोजली जाते. एवढा खर्च करणाऱ्या कंपनीला प्रयोग करायचा नसतो. तेच काम दुसरीकडे नीट करून दाखवलेला माणूस तिला हवा असतो. म्हणून तुम्ही सप्लाय चेन सांभाळत असाल आणि जरा मोठ्या कंपनीत तेच पद हवं असेल, तर फर्मचा कन्सल्टंट तुम्हाला आपणहून शोधेल. ‘आता कारखान्यातून वित्तसेवेत जावं म्हणतोय’ असं म्हणालात, तर तो आपुलकीने ऐकून घेईल आणि पुन्हा फोन करणार नाही. त्याच्यावर रागावून उपयोग नाही, कारण तो तुमचा एजंट नव्हताच.

आणखी एक खाचखळगा. फर्म ज्या कंपनीचं काम करते, तिचीच माणसं ठरावीक काळ फोडायची नाहीत, असा करार बहुतेक फर्म पाळतात. तुमची कंपनी त्यांची ग्राहक असेल तर तुम्ही कितीही लायक असलात तरी तिथून फोन येणार नाही. म्हणून एकाच फर्मच्या भरवशावर राहू नका. तुमच्या क्षेत्रात काम करणारे तीन-चार कन्सल्टंट गाठा, आणि तेही नोकरीची गरज पडायच्या आधी. त्यांनी दुसऱ्या कुणाविषयी विचारलं तर दोन चांगली नावं सुचवा. ते असली मदत विसरत नाहीत.

दुसरी जात म्हणजे नेमणूक झाली तरच फी मिळणारे रिक्रूटर. इथे साहजिकच घाई असते, त्यामुळे रेझ्युमे भराभर फिरतात. यांना एकच अट घाला: मला विचारल्याशिवाय माझं नाव कुठेही पाठवायचं नाही. दोघांनी एकाच कंपनीकडे तुमचं नाव पाठवलं, तर फी कुणाची यावरून वाद होतो, आणि नसती कटकट नको म्हणून कंपनी तुम्हालाच बाजूला ठेवते. मी एकदा असंच एक चांगलं नाव बाजूला ठेवलं होतं. अजून टोचतं.

ओळखी

क्षेत्र किंवा कामाचं स्वरूप बदलायचं असेल तर माझं मत सरळ इकडे. अनोळखी कन्सल्टंट तुमच्यावर जुगार खेळणार नाही. तुम्हाला अडचणीत काम करताना पाहिलेला माणूस खेळेल.

पण कुठल्या ओळखी? आपण आधी जातो ते जवळच्या मित्रांकडे. समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांचा या विषयावरचा गाजलेला लेख १९७३चा. बॉस्टनजवळच्या एका उपनगरातल्या, नुकत्याच नोकरी बदललेल्या व्यावसायिक आणि तांत्रिक लोकांना त्यांनी विचारलं, की ज्याने या नोकरीची खबर दिली तो तुम्हाला कितीदा भेटायचा? ओळखीतून नोकरी मिळालेल्यांपैकी वारंवार भेटणाऱ्याचं नाव घेणारे जेमतेम १७ टक्के निघाले. ५६ टक्के म्हणाले अधूनमधून, आणि २८ टक्के म्हणाले क्वचितच. कारण साधं आहे: जवळच्या मित्राला जे माहीत असतं ते बहुतेक आपल्यालाही माहीत असतं. लिंक्डइनच्या सुमारे दोन कोटी सदस्यांवर झालेल्या प्रयोगांचा अभ्यास २०२२मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातही घट्ट ओळखींपेक्षा मध्यम सैल ओळखी जास्त कामी आल्या. म्हणजे सात वर्षांपूर्वीचा सहकारी, जुना व्हेंडर, जो ग्राहक तुमच्यावर एकदा चिडला आणि नंतर खूश झाला तो.

अडतं ते संकोचापाशी. वरच्या पदावर राहिलेल्या माणसाला ‘काही असेल तर बघा’ म्हणणं जिवावर येतं. तसं म्हणूही नये. ‘माझा रेझ्युमे जोडलाय, योग्य संधी असल्यास कळवावे’ हा मेसेज वाचणाऱ्यावर ओझं टाकतो, म्हणून तो वाचून पुढे सरकतो. त्याऐवजी असं काही लिहा: ‘त्या गोदाम स्थलांतराच्या वेळी आपण एकत्र होतो. मी आता मध्यम आकाराच्या कंपन्यांमध्ये ऑपरेशन्सचं प्रमुखपद बघतोय. तुम्ही तिकडे गेलात तेव्हा सगळ्यात वेगळं काय वाटलं, ते वीस मिनिटं ऐकायचंय.’ यात नोकरी मागितलेली नाही, पण काय शोधताय ते त्याला नेमकं कळलंय. उठताना ‘आणखी कुणाशी बोलू?’ एवढं विचारलं की पुढचं नाव मिळतं.

हा मार्ग संथ आहे, आणि पहिला महिना तर नुसता चहा-कॉफीतच जातो. ज्याला घरखर्चाची घाई आहे त्याला हे ऐकवत नाही, ते समजू शकतो.

पोर्टल

मधल्या पदांसाठी उत्तम, वरच्या पदांसाठी कामचलाऊ. एकेका जाहिरातीवर शेकड्याने अर्ज येतात आणि पहिली चाळण लावणारा माणूस बहुधा तुमच्याहून बराच कनिष्ठ असतो. तुमचं वेगळेपण त्याच्या यादीतल्या चौकटीत बसत नाही. मात्र जाहिराती वाचायला पोर्टल वापराच. एखादी कंपनी नव्या भागासाठी एकदम पाच मॅनेजर शोधत असेल, तर त्यांच्यावरचा प्रमुख कोण, हा प्रश्न तिथे कुणाला तरी पडलेला असतो.

आणि सल्लागारीचं काय?

ठरावीक महिन्यांसाठी पद सांभाळणं किंवा एखादा प्रकल्प हाती घेणं हा पर्याय नोकरी सुटलेल्यांसाठी चांगला, कारण रेझ्युमेत खंड पडत नाही आणि कंपनी तुम्हाला आतून बघते. पण काम मिळवण्यातच निम्मा वेळ जातो, त्यामुळे शोध थंडावतो.

तर मग निवड कशी करायची? तेच क्षेत्र, तेच काम, वरची पायरी: आधी सर्च फर्म, सोबत ओळखी. क्षेत्र बदलायचंय किंवा मोठ्या कंपनीतून लहान कंपनीत जायचंय: जवळजवळ सगळा वेळ ओळखींना द्या. मोठ्या खंडानंतर परतताय: सल्लागारीतून आत शिरणं सोपं जातं.

राहिला प्रश्न नोकरीत असताना गुपचूप शोधायचं की सोडून. खिशात पुरेशी शिल्लक नसेल तर सोडू नका. भाव करताना हातची नोकरी फार उपयोगी पडते. लिंक्डइनवर आपण संधी शोधतोय हे फक्त रिक्रूटरना दिसेल अशी सोय आहे, पण तुमच्या कंपनीच्या लोकांना ते कळणारच नाही, अशी हमी लिंक्डइनही देत नाही. मी तरी ते बटण न दाबता चार फोन केले असते.