इशापूर २ए१ : काही महिने चालवल्यावर

अमेरिकेत सैन्यातून निघालेली स्वस्त बोल्ट-अ‍ॅक्शन रायफल (प्रत्येक गोळीमागे बोल्टची मूठ हाताने मागेपुढे करावी लागते ती) घ्यायची म्हटलं की अजूनही पहिलं नाव निघतं मोसिन-नागांट या जुन्या रशियन रायफलीचं. एके काळी ती शंभर डॉलरच्या आत मिळायची, आता नाही. शिवाय तिच्या जुन्या सोव्हिएत काडतुसांच्या प्रायमरमधून (काडतुसाच्या बुडाशी दारू पेटवणारा भाग) क्षार सुटतात. त्याच दिवशी गरम पाण्याने नळी धुतली नाही तर गंज धरतो.

म्हणून मी टेक्सासमध्ये त्याऐवजी इशापूर २ए१ घेतली. गेले काही महिने रेंजवर तीच वापरतोय आणि मनापासून खूश आहे. दिसायला ही आपल्याकडे पोलिसांच्या खांद्यावर पाहिलेली थ्री-नॉट-थ्रीच. पण १९६२ च्या चीन युद्धानंतर बंगालमधल्या इशापूर कारखान्यात हाच साचा ७.६२ नाटो काडतुसासाठी, जास्त मजबूत पोलादात घडवला गेला. थ्री-नॉट-थ्रीच्या काडतुसाला बुडाशी कड असते. मॅगझिनमध्ये कडेमागे कड गेली की काडतूस अडकतं. नाटो काडतुसाला अशी बाहेर आलेली कड नाही, त्यामुळे इथे तो त्रासच नाही. बोल्टची मूठ थोडीच उचलावी लागते, त्यामुळे गाल कुंद्यावरून न हलवता पुढची गोळी भरता येते. या सुखासाठी मी इतर बरेच दोष सोसायला तयार आहे.

दुकानात पाहताना बाकी सगळं नंतर, आधी नळी. उजेड धरून आतल्या खाचा स्वच्छ आणि धारदार दिसतात का, तोंडाशी कड झिजली आहे का, ते बघा. मग बंदूक दुरुस्त करणाऱ्याकडून गेज लावून हेडस्पेस, म्हणजे बंद बोल्ट आणि काडतूस यांच्यातली जागा, तपासून घ्या. तपासल्याशिवाय एकही गोळी झाडू नका. पुढच्या लाकडातून आडवा गेलेला स्क्रू दिसला तर घाबरू नका, ती इशापूरचीच मजबुतीची पद्धत. लाकडाला तडे असतील तर मात्र दुसरी बघा.

बाजारात मिळणारं .३०८ काडतूस यात बसतं. पण त्यातली काही काडतुसं जास्त दाबाची असतात, म्हणून मी फक्त नाटो प्रतीचीच वापरतो.

तक्रारी? चाप जड आहे. बटाला धातूची पट्टी असल्याने पातळ शर्टात धक्का चांगलाच जाणवतो. रबरी पॅड चढवल्यावर माझा खांदा सुखावला. काळा रंग कोपऱ्यांवर उडतो. दुर्बीण लावायचा विचार असेल तर ही घेऊच नका. त्यासाठी छिद्रं पाडली की संग्राहक तिला हात लावत नाहीत, आणि अशा रायफली आता नव्याने बनणार नाहीत.