बोहरी आळीतून आणलेले ओव्याचे तेल

रविवार पेठेत बोहरी आळीच्या जवळ असलेल्या एका जुन्या काष्ठौषधींच्या दुकानातून गेल्या महिन्यात मी ओव्याच्या इसेन्शियल ऑइलची 15 मिलिलिटरची बाटली 240 रुपयांना घेतली. सूक्ष्मजीवशास्त्र शिकवण्यात माझी तीस वर्षे गेली असल्यामुळे, लेबलवरच्या ‘औषधांना दाद न देणाऱ्या जीवाणूंचाही नाश’ या ओळीकडे माझे लक्ष आधी गेले.

तेल मात्र अस्सल आहे. चांगल्या ओव्याच्या तेलात साधारणपणे 35 ते 60 टक्के थायमॉल, म्हणजे ओव्याला उग्र वास देणारा जंतुनाशक घटक असतो, आणि काही उत्पादक तोच ‘ओव्याचे फूल’ म्हणून वेगळे काढून उरलेले पातळ तेल विकतात. मी बाटली रात्रभर फ्रिजमध्ये ठेवली. सकाळी तळाशी थायमॉलचे पारदर्शक खडे जमले होते, म्हणजे ते काढून घेतलेले नव्हते, आणि बाटली तळहातात धरून उबदार केल्यावर ते हळूहळू विरघळले. बूच काढताच तव्यावर भाजलेल्या ओव्याचा झणझणीत वास खोलीभर पसरला.

माझ्या जुन्या सहकाऱ्यांच्या प्रयोगशाळेत आम्ही त्याची साधी चाचणी घेतली. जखमांत पू करणारा स्टॅफिलोकोकस ऑरियस हा जीवाणू पसरलेल्या प्लेटवर तेलात बुडवलेल्या कागदी चकतीभोवती जीवाणूंची वाढ न झालेला स्वच्छ, रुंद झोन मिळाला, तर स्यूडोमोनास या दुसऱ्या जीवाणूच्या प्लेटवर चकतीच्या कडेपर्यंत वाढ झालेली होती. यात नवल नाही. थायमॉल जीवाणूच्या पेशीपटलात शिरून ते सैल करते, त्यामुळे आतले पोटॅशियम बाहेर झिरपते आणि पेशीची ऊर्जानिर्मिती कोलमडते. एमआरएसए, म्हणजे स्टॅफिलोकोकस ऑरियसचा प्रतिरोधक प्रकार, मेथिसिलिन या प्रतिजैविकाला दाद देत नाही, कारण औषध ज्या प्रथिनाला चिकटते त्याचे काम करणारे निराळे प्रथिन त्याच्याकडे असते; पटलावरच्या घावाला ही पळवाट उपयोगाची नाही, म्हणून प्रतिरोधक जीवाणूंवरही अशी तेले चालू शकतात. स्यूडोमोनासला मात्र बाहेरचे जादा आवरण असते, आणि आत आलेले रेणू बाहेर फेकणारे पंपही असतात.

माझी हरकत येथून पुढे सुरू होते. प्लेटवरचा झोन म्हणजे जखमेवरचा उपचार नव्हे. जखमेतल्या पू-रक्तातली प्रथिने तेलाचा मोठा भाग बांधून ठेवतात आणि उरलेल्यातला बराचसा उडून जातो. टी ट्री या ऑस्ट्रेलियन झाडाच्या पानांच्या तेलावर 2004 साली ब्रिटनमध्ये 224 एमआरएसए-वाहक रुग्णांवर झालेल्या चाचणीत, नेहमीच्या उपचाराने 49 टक्के रुग्ण जंतुमुक्त झाले तर टी ट्रीच्या उपचाराने 41 टक्के. नाकातला एमआरएसए घालवण्यात तर नेहमीच्या उपचारातले म्युपिरोसिन हे प्रतिजैविक मलम 78 विरुद्ध 47 टक्के असे स्पष्टपणे वरचढ ठरले. टी ट्रीसाठी हे आकडे अगदीच वाईट नाहीत, परंतु ते त्वचेवर आणि नाकात नुसते वास्तव्य करणाऱ्या जीवाणूंचे आहेत, आत पसरलेल्या संसर्गाचे नाहीत. प्रतिजैविकांना दाद न देणाऱ्या जीवाणूंमुळे 2019 या एका वर्षात जगभरात सुमारे 12 लाख 70 हजार माणसे थेट दगावली, असा अंदाज आहे. अशा विषयावर बाटलीवर एक ओळ छापून मोकळे होणे मला गंभीर चूक वाटते.

दुकानदाराबद्दल मात्र आदरच वाटला. मी पैसे देत असताना एक बाई वडिलांच्या पायाच्या न भरणाऱ्या जखमेसाठी हेच तेल मागत होत्या. वडिलांना मधुमेह आहे हे कळताच दुकानदारांनी बाटली काउंटरखाली ठेवली आणि म्हणाले, “ताई, आधी डॉक्टरांना पाय दाखवा. हे तेल मी आज तुम्हाला देणार नाही.” तेल कोणत्या महिन्यात गाळले, हेही त्यांनी वहीत पाहून सांगितले.

उणीव आहे ती ड्रॉपरची. त्याचा रबरी फुगा तेलाच्या वाफेने पंधरा दिवसांतच फुगून चिकट झाला. थेंब पाडणारे आतले बूच असते तर बरे झाले असते. लेबलवर थायमॉलचे प्रमाणही हवे होते. लादी पुसण्याच्या पाण्यात आणि कपाटाच्या कोंदट वासासाठी मी हे तेल आवडीने वापरते, पण पातळ केल्याशिवाय अंगाला लावत नाही, कारण थायमॉल त्वचेची आग करते. घरात चार वर्षांचा नातू असल्यामुळे बाटली कुलुपाच्या कपाटात वरच्या फळीवर ठेवली आहे.