मागेल त्याला सौर कृषिपंप : मोटर चोख, पण आधी विहीर हवी

महावितरणच्या ‘मागेल त्याला सौर कृषिपंप’ योजनेतल्या संचाला यंत्र म्हणून पाचपैकी चार गुण. योजना म्हणून अडीच. मधला दीड गुण कुठे गळाला, ते पाहण्याआधी संच पाहू.

अडीच एकरांपर्यंत ३ एचपी, पाच एकरांपर्यंत ५, त्यापुढे साडेसात. खुल्या गटाने किमतीच्या १० टक्के भरायचे, अनुसूचित जाती-जमातींच्या शेतकऱ्याने ५. उरलेलं सरकारी अनुदानातून. ३ एचपीला ३००० वॅटच्या सौर प्लेटा, ५ एचपीला ४८००. सोबत कंट्रोलर (प्लेटांची वीज मोटरीला जुळवून देणारी पेटी), केबल, पाईप, अर्थिंग. चार गुण मिळतात ते मुख्यतः एकाच गोष्टीमुळे : पाणी दिवसा देता येतं. थ्री-फेज लाइट रात्री दोनला आली म्हणून बॅटरी घेऊन दारं धरायला जायचं, बिबट्याचा कानोसा घेत, सापावर पाय पडेल या धाकात. हे ज्याचं सुटलं त्याला बाकीचे दोष किरकोळच वाटणार.

फसगत होते ती हेडमध्ये, म्हणजे पाणी वर चढवायला आणि पुढे दाबाने ढकलायला मिळून जी मीटरमधली उंची धरतात तिच्यात. केंद्राच्या मानकांप्रमाणे ३००० वॅटच्या डीसी पंपाने कडक उन्हाच्या दिवशी ३० मीटर हेडला १,०५,००० लिटर पाणी द्यायला हवं, ५० मीटरला ६३,००० आणि ७० मीटरला ४२,०००. सर्व्हे डिसेंबरात झाला तर विहीर काठोकाठ दिसते आणि कागदावर ३० मीटरची मोटर चढते. हिशेब मे महिन्याचा करायला हवा. समजा, तेव्हा पाणी १८ मीटरवर जातं, शेत विहिरीपेक्षा ६ मीटर उंच आहे, ठिबकला फिल्टरसकट १२ मीटरचा दाब लागतो आणि पाईपच्या घर्षणात ४ मीटर जातात. झाले ४०. इथे ५० मीटरचाच पंप मागायचा. ३० चा बसला तर ऐन उन्हाळ्यात शेवटच्या ओळीतले ड्रिपर कोरडे राहतात आणि शिव्या प्लेटांना बसतात. तुषार सिंचनाला २० ते २५ मीटरचा दाब लागतो, म्हणजे आकडा आणखी चढला.

दुसरी गोष्ट सावलीची. प्लेटा एकापुढे एक, मालिकेत जोडलेल्या असतात. कडुनिंबाची एक फांदी एका प्लेटेच्या कोपऱ्यावर आली तरी अख्ख्या ओळीचा प्रवाह पडतो. दक्षिणेला ऊस असेल तर तो माणसाच्या दुप्पट वाढतो, हे फाउंडेशनचे खड्डे घेतानाच लक्षात ठेवावं. दर पंधरवड्याला प्लेटा पुसाव्यात, पण पहाटे. भर दुपारी तापलेल्या काचेवर गार पाणी मारलं की काच तडकू शकते. बोअरचं पाणी क्षाराचं असेल तर पांढरे डाग धरतात. पुसून लगेच फडक्याने कोरडं करणं बरं.

तिसरी गोष्ट उष्णतेची. ऊन वाढलं की पाणी वाढतं असा समज आहे. प्लेटेवर छापलेले वॅट २५ अंशांना मोजलेले असतात; त्यावर दर अंशाला साधारण ०.४ टक्के उत्पादन घटतं. मे महिन्यात प्लेट ६५ अंशांवर गेली की १६ टक्के गेलेच. पिकाची तहान सर्वांत मोठी, पाणी सर्वांत खोल आणि प्लेट सर्वांत मंद, हे तिन्ही एकाच महिन्यात येतं. तापमान वाढत जाईल तसा हा महिना लांबणार आहे.

हवामानाच्या खात्यात संच किती जमा करतो? एक लिटर डिझेल जळलं की सुमारे २.७ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो आणि ५ एचपीचं इंजिन तासाला लिटरभर पितं. ते इंजिन मोडीत निघालं तर बचत खरी. पण प्लेटा बसल्यावर पाणी उपसायला खर्च शून्य होतो, हात आखडायचं कारणच राहत नाही. आपल्याकडचा बहुतेक भाग काळ्या खडकाचा, बेसाल्टचा. पाणी साठतं ते वरच्या मुरमाच्या थरात आणि भेगांत, तेही थोडंच. शेजारच्याने साडेसात एचपी दिवसभर चालवला की तीन एचपीवाल्याच्या मोटरीला फेब्रुवारीतच हवा लागते. कंट्रोलर कोरडी मोटर बंद करतो, जळू देत नाही. मोटर वाचते, हरभरा नाही.

अडीच गुणांचं कारणही इथेच. मुख्य अटी दोन : सातबाऱ्यावर नाव आणि पाण्याचा शाश्वत स्रोत. म्हणजे ज्याच्याकडे विहीर नाही, त्या जिरायत शेतकऱ्याला मागूनही मिळत नाही. बटाईने करणारा तर मागूच शकत नाही. विहीर सामाईक असेल तर भाऊबंदांचं ना-हरकत पत्र स्टॅम्प पेपरवर लागतं, आणि भावकीत वाद असला तर अर्ज तिथेच अडतो. पुन्हा पंपाची ताकद पाणी पाहून नाही, एकर पाहून ठरते. जमीन जास्त त्याची मोटर मोठी, मोटर मोठी त्याचा ऊस.

योजनेला घाई का, तेही सांगायला हवं. शेतीची स्वस्त वीज परवडावी म्हणून कारखान्यांकडून चढा दर घेतला जातो. एप्रिल २०२४ पासून साडेसात एचपीपर्यंतच्या शेतीपंपांचं बिलही राज्य सरकार भरतं. नवं कनेक्शन सौर झालं की तो बोजा तेवढा वाढत नाही. उद्योगांची वाढ आणि शेतकऱ्याची प्लेट अशी एका वहीत मांडलेली आहे.

ज्याच्याकडे आधीच लाइटची मोटर आहे, त्याने गावात मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनीचा प्रकल्प येतोय का, हे आधी विचारावं. तिथे फीडरच (शेतीपंपांना वीज पुरवणारी लाइन) सौर होतो, जुनीच मोटर दिवसा चालते, आणि पावसाळ्यात शेताला नको असलेली वीज ग्रिडमध्ये जाते. शेतातल्या सुट्या संचाची ती वाया जाते. मात्र हेक्टरी वर्षाला १ लाख २५ हजार भाडं मिळतं ते प्रकल्पाला जमीन देऊ शकणाऱ्यालाच.

संच घेणार असाल तर ताबा घेण्याआधी मोटरीच्या पाटीवरचं हेड कोटेशनशी ताडून पाहा, मोबाईलवर फोटो काढा आणि कंट्रोलरचा नंबर लिहून ठेवा. मोफत दुरुस्ती आणि विमा पाच वर्षांचा. प्लेटा पंचवीस वर्षं चालतील अशा असतात, कंट्रोलर तेवढा टिकत नाही. सहाव्या वर्षी तो गेला तर बदलायचा खर्च शेतकऱ्याचा. बागायतदार तो दोन दिवसांत बसवून घेईल. तीन एचपीवाल्याने दर हंगामाला थोडे पैसे त्यासाठीच बाजूला टाकलेले बरे.