नागपूर की तालुका? नोकरी निवडणाऱ्या सिस्टरसाठी

जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) किंवा बीएस्सी नर्सिंग झालं, महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी हातात आली, की नागपूरच्या पोरींपुढे एकच घोळ असतो. मेडिकल-मेयो (सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांची हॉस्पिटलं) किंवा धंतोली-रामदासपेठेतलं खासगी हॉस्पिटल धरायचं, की उमरेड, काटोल, रामटेककडचं सरकारी रुग्णालय?

पैशाचं आधी उरकून टाकते. सरकारी अधिपरिचारिकेचं (म्हणजे स्टाफ नर्सचं) मूळ वेतन ३५,४०० पासून सुरू होतं, मग पोस्टिंग मेडिकलला असो की तालुक्याला. घरभाडे भत्ता नागपुरात तालुक्याच्या दुप्पट, पण खोलीचं भाडं आणि पेट्रोल तो गिळून टाकतात. एम्सचं गणित निराळं: नॉरसेट ही भरती परीक्षा आणि ४४,९०० मूळ वेतन. खासगीत जसं हॉस्पिटल तसा पगार. तिथं सही करण्याआधी मूळ सर्टिफिकेटं ठेवून घेतात का, तेवढं विचारा. घेत असतील तर सरळ उठून या.

खरा फरक कामात आहे. मेडिकलच्या कॅज्युअल्टीत गडचिरोली, गोंदिया, भंडाऱ्यापासून पार छिंदवाडा-बालाघाटपर्यंतचे पेशंट येतात. वॉर्डात खाटांच्या मधे गाद्या टाकलेल्या, ओव्हर (आधीच्या पाळीकडून पेशंटची माहिती) घेतानाच दमायला होतं. पण मागे रेसिडेंट डॉक्टर असतो, सीनियर सिस्टर असते, रक्तपेढी आवारातच. आयसीयू मिळालं तर व्हेंटिलेटर, एबीजी (धमनीच्या रक्ताची तपासणी), सेंट्रल लाइन (मोठ्या शिरेतली नळी) यांवर असा हात बसतो की पुढे कुठंही अडत नाही. तोटा एवढाच की वर्षानुवर्षं एकाच वॉर्डात राहिलात तर बाकीचं विसरायला होतं.

ग्रामीण रुग्णालय म्हणजे साधारण ३० खाटा. एकाच नाईटला लेबर रूममध्ये बाई कळा देतेय, बाहेर फवारणीत विष चढलेला शेतकरी, कोपऱ्यात सिकलसेलचं पोरगं अंग दुखतं म्हणून रडतंय. आणि पावसाळ्यात साप. रात्री दोनला कुणीतरी येतो, ‘काय चावलं त दिसलं नाही वो बाई.’ एमओ (मेडिकल ऑफिसर) क्वार्टरमधून येईपर्यंत पेशंट तुमचा. कोरड्या काचेच्या टेस्ट ट्यूबमध्ये २ मिली रक्त घ्यायचं, २० मिनिटं ट्यूबला हात लावायचा नाही, मग तिरकी करून बघायची. रक्त गोठलं नसेल तर घोणस-फुरशाचा संशय. गोठलं म्हणून मात्र निर्धास्त व्हायचं नाही. जमिनीवर झोपलेल्या माणसाला मण्यार चावते, तिच्या विषानं रक्त गोठायचं थांबत नाही. म्हणून पापण्या बघत राहायच्या. त्या जड व्हायला लागल्या की श्वास कधीही अडकू शकतो. एएसव्ही (सापाच्या विषावरचं औषध) लावताना रिअॅक्शन आली तर म्हणून अॅड्रेनॅलिन भरून हाताशी हवंच. मोठ्या हॉस्पिटलात हे ठरवायला चार जण असतात. इथं ते येईपर्यंत तुम्ही आणि मावशी.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे: नवीन असाल तर पहिली दोनेक वर्षं नागपुरात कॅज्युअल्टी किंवा आयसीयू करा, मग तालुका. ‘गावात काम कमी, तिथं शिकू’ असं सांगणाऱ्यांचं ऐकू नका. शिकवायला तिथं कुणाला वेळ नसतो. अपवाद एकच, कायमची ऑर्डर तालुक्याची आली तर. ती सोडू नका, लगेच रुजू व्हा आणि पहिल्याच महिन्यात एसबीए (सुरक्षित बाळंतपणाच्या) प्रशिक्षणासाठी अर्ज टाका.

राहण्याचं म्हणाल तर गावात मान भरपूर, मोकळीक कमी. बाजाराच्या दिवशी वांगी घेताना कुणी बीपीचा कागद पुढे करेल, तोच माणूस हिवाळ्यात हरभऱ्याची जुडी दारात ठेवून जाईल. एकट्या मुलीला घरमालक उलटतपासणी घेतो. क्वार्टर मिळालं तर भत्ता जातो, तरी मी क्वार्टरच घ्या म्हणेन. पुष्कळ जणी नागपूरहून अप-डाउन करतात. उमरेड ४५ किलोमीटरच्या आसपास, ऐकायला काहीच नाही. पण मे महिन्यात नाईट उतरून एसटीच्या खिडकीशी बसलात की कळतं. लेकरं शाळेत असतील तर इलाज नाही, तेव्हा निदान नाईटच्या दिवशी मुक्कामाला खोली हवी.

रुजू होण्याआधी एकदा तिथं जाऊन या. क्वार्टरला उन्हाळ्यात पाणी येतं का, नाईटला सिस्टर एक असते की दोन, एमओ खरंच आवारात राहतात का, १०८ची गाडी कुठं उभी असते. हे अधीक्षकांना विचारू नका. चहाच्या वेळी लेबर रूमच्या मावशींना विचारा.