लिटल लीगचे वयोगट आठ महिने वापरले, साताऱ्यातल्या आमच्या बॅचचा अनुभव

दिवाळी झाली आणि गोडोलीकडच्या एका मोकळ्या ग्राउंडवर आमची रविवारची बेसबॉलची बॅच सुरू झाली. सव्वीस पोरं. सगळ्यात लहान सहा वर्षांचं, सगळ्यात मोठा पंधराचा. मी शाळेत पीटी शिकवतो, स्वतः सॉफ्टबॉल खेळलोय. आपल्याकडे शालेय स्पर्धा १४, १७ आणि १९ वर्षांखालील अशा होतात, म्हणून मीही चौदाच्या आतली एकीकडे आणि वरची दुसरीकडे केली. पण चौदाच्या आत दहा वर्षांचं पोरगंही येतं आणि मिसरूड फुटायला लागलेला गडीही. तिसऱ्याच रविवारी मोठ्याचा थ्रो छोट्याच्या बरगडीत बसला. पोरगं रडलं नाही, पण पुढचे दोन रविवार आलंच नाही. मला रात्री झोप लागेना.

मग लिटल लीगची, म्हणजे मुलांच्या बेसबॉलच्या अमेरिकी संघटनेची, पद्धत घेतली. १९३९ साली अमेरिकेत विल्यम्सपोर्टला कार्ल स्टॉट्झ यांनी ही लीग सुरू केली. त्यांच्याकडे टी-बॉल (टी म्हणजे उभा दांडा, त्यावर ठेवलेला बॉल मारायचा) ४ ते ७ वर्षं, मायनर ५ ते ११, मेजर ९ ते १२, इंटरमीडिएट ११ ते १३, ज्युनिअर १२ ते १४ आणि सीनिअर १३ ते १६. गट एकमेकांवर चढलेले दिसतात ना? ते मुद्दामच आहे. अकरा वर्षांचं पोरगं तिथं मायनर, मेजर, इंटरमीडिएट यांतल्या कुठल्याही गटात बसू शकतं. कुठल्या, ते त्याचा खेळ बघून ठरवतात. हे समजायला मला महिना गेला, पण सगळी गंमत यातच आहे.

सगळ्यात मोठा फरक पडला तो अंतरामुळे. मेजरमध्ये दोन बेसमधलं, म्हणजे पळताना गाठायच्या टप्प्यांमधलं, अंतर ६० फूट आणि पिचर, म्हणजे बॉल टाकणारा, ४६ फुटांवरून टाकतो. इंटरमीडिएटला हेच ७० आणि ५० फूट होतं. मोठ्यांच्या मैदानावर बेसमधलं अंतर ९० फूट आणि पिचिंग ६० फूट ६ इंचांवरून. पूर्वी माझी दहा वर्षांची पोरं मोठ्यांच्या अंतरावरून टाकायची. बॉल दोन टप्पे खात यायचा आणि पोरं कंबरेतून वाकडी होऊन जोर लावायची. टेप धरून ४६ फुटांवर चुन्याची रेघ मारली, त्याच दिवशी बॉल सरळ कॅचरच्या, म्हणजे बॅटवाल्यामागं बसून झेलणाऱ्याच्या, ग्लोव्हमध्ये गेला. टाकणारी आमची पाचवीतली पोरगी. बॉल बसल्याचा तो ‘फट्ट’ आवाज ऐकून ती स्वतःच दचकली, मग माझ्याकडे बघत राहिली.

लहानांसाठी प्लंबरकडून पीव्हीसी पाइपचा टी करून घेतला, वर रबरी नळीचा तुकडा. बॉल मऊ गाभ्याचा. आपली पोरं क्रिकेटवर वाढलेली, त्यामुळे बॉल लागला की बॅट घेऊनच पळतात. ती बॅट टाकायची सवय टी-बॉलमध्येच लागते, मोठेपणी लावताना फार जड जातं.

पिच, म्हणजे पिचरनं टाकलेले बॉल, मोजणं मात्र कुणीही सोडू नये. लिटल लीगमध्ये ७-८ वर्षांना दिवसाला ५० पिच, ९-१० ला ७५, ११-१२ ला ८५ आणि १३ ते १६ ला ९५ ही मर्यादा आहे. चौदापर्यंतच्या पोरानं ६६ च्या वर टाकले तर चार दिवस विश्रांती. एका सामन्यात ४१ किंवा जास्त पिच टाकले, तर त्या दिवशी पुढं कॅचरही होता येत नाही. क्रिकेटच्या बॉलिंगला हात सरळ ठेवायचा असतो, इथं कोपरातून झटका बसतो आणि वाढीच्या वयात तिथलं हाड कच्चं असतं. मी खिशात चिंचोके ठेवतो. दर पिचला एक चिंचोका डाव्या खिशातून उजव्या खिशात. फेब्रुवारीत एक बारा वर्षांचा पोरगा ‘सर, अजून पाच’ म्हणून मागं लागला. आकडा भरला होता, मी नाही म्हणालो. तो रुसला, पण दुसऱ्या दिवशी शाळेत हात दुखत नव्हता.

त्रास झाला तो पालकांचा. ‘सर, आमचा तेरा वर्षांचा, मग बारक्यांच्यात का?’ एका वडिलांनी तर गाडी लावूनच विचारलं. मी म्हणालो, ‘दादा, दोन रविवार इथं बसून बघा.’ बसले. पोराला उंचावरून येणारा बॉल झेलताच येत नव्हता, मान फिरवायचा. दीड महिना त्यानं खालच्या गटाबरोबर झेलण्याचा सराव केला आणि मग वर गेला. सामन्यात मात्र मी त्याला लहानांसमोर पिचिंगला कधी उभं केलं नाही. खेळ कच्चा असला तरी अंगातली ताकद तेरा वर्षांचीच असते.

अमेरिकेत ट्रॅव्हल बॉलमध्ये, म्हणजे निवडक संघ गावोगाव जाऊन खेळतात त्यात, डबल ए, ट्रिपल ए, मेजर अशा संघांच्या पायऱ्याही असतात. सव्वीस पोरांत त्याचा उपयोग नाही, मी त्या वाटेला गेलो नाही. आमची खरी अडचण संख्या. इंटरमीडिएटच्या वयाची सहाच पोरं, त्यांचा संघ होतच नाही. दर वेळी अर्धे वर, अर्धे खाली पाठवावे लागले, आणि ५० फुटांची रेघ बहुतेक रविवारी रिकामीच राहिली.

जूनमध्ये पाऊस लागला, रेघा वाहून गेल्या. मी ४६ फुटांवर लोखंडी खुंटी ठोकून ठेवलीय. बरगडीत बॉल बसलेलं ते पोरगं परत आलंय, टाकतं तिथूनच. शेवटच्या रविवारी त्याचे ३२ पिच झाले होते.