चढउताराच्या वाटांसाठी टूरिंग स्की: आधी बूट, मग बाइंडिंग, शेवटी स्की

क्रॉस-कंट्री स्की घ्यायला निघालेला माणूस पहिला प्रश्न चढाचा विचारतो: "या वर चढतील ना?" चढाचं काही ना काही जमतं. तळावरचे खवले (मागे घसरू नये म्हणून कोरलेली नक्षी) धरत नसतील तर बदकासारखी फेंगडी पावलं टाकता येतात, आडवं उभं राहून एकेक पायरी चढता येते, आणि काहीच जमलं नाही तर स्की काढून खांद्यावर टाकता येतात. उतार एवढी मुभा देत नाही. म्हणून आपल्या नेहमीच्या वाटेवरचा सगळ्यात वाईट उतार आठवा, तोही रात्री गोठून सकाळी काचेसारखा झालेला, आणि त्यावरून सामान ठरवा.

या स्कीत टाच मोकळी असते, बूट फक्त बोटांपाशी बाइंडिंगमध्ये, म्हणजे स्कीवरच्या पकडीत, अडकतो. वळायला किंवा थांबायला स्कीची कड बर्फात रुतवायची, तर सगळा जोर त्या एका जोडातून जातो. स्की जितकी रुंद, तितकी कड पावलाच्या मध्यापासून लांब आणि तितका जास्त पीळ बुटावर. बूट मऊ असेल तर घोटा वळतो, सोलही वळतो, स्की मात्र सपाटच राहते. मी पहिल्यांदा नेमकी हीच चूक केली. रुंद स्की म्हणजे जास्त आधार, असं समजून भारदस्त जोडी घेतली आणि जुने हलके बूट तसेच ठेवले. पहिल्याच कडक उतारावर नांगर धरायला गेलो, म्हणजे टोकं जवळ आणि शेपट्या बाहेर, तर टाचा स्कीवरून घसरून बाहेर गेल्या आणि स्की सरळ खाली. थांबलो तो झुडपात.

आता पर्याय. स्कीवर तीन आकडे लिहिलेले असतात: टोक, कंबर आणि शेपूट यांची मिलिमीटरमधली रुंदी. टोक ७० मिमीच्या आत असेल तर ती यंत्राने पाडलेल्या खाचांत साधारण बसते. आस्नेसची नान्सेन ७६-५६-६६ आहे, म्हणजे खाचांना किंचित जड, पण मोकळ्या बर्फात सरळ आणि लांब चालायला उत्तम. फिशरची एस-बाउंड ९८ ही ९८-६९-८८; ती वळते छान, मऊ बर्फावर तरंगते आणि सपाटीवर कंटाळा आणते. या दोघींतला फरक कागदावर थोडा वाटतो, दिवसभर चालल्यावर मांड्यांना कळतो.

पोलादी कड हवीच का? खाचांतच चालणार असाल तर नको, उगाच वजन. वाट खाचांबाहेर जात असेल आणि बर्फ गोठत असेल तर हवी, यात मी तडजोड करणार नाही.

बाइंडिंगमध्ये मुख्य घराणी चार, आणि खरी गफलत इथेच होते. पहिलं साधं एनएनएन (न्यू नॉर्डिक नॉर्म, बूट आणि बाइंडिंग जुळवणारी एक पद्धत), हलकं आणि चपळ. प्रोलिंक आणि टर्नॅमिक ही बाइंडिंगं एनएनएन सोलचे बूट घेतात, त्यामुळे बुटांचा पर्याय भरपूर. खाचा आणि लहान टेकाड असतील तर याच्या पुढे जाऊ नका. त्यावरची पायरी एनएनएन बीसी (बीसी म्हणजे बॅककंट्री, खाचांबाहेरच्या वाटांसाठी). नाव सारखं म्हणून साधा एनएनएन बूट यात बसेल असं वाटतं, पण बसत नाही: बुटाच्या टोकाखालची, बाइंडिंग जिला पकडतं ती दांडी जाड आणि सोलच्या खाचा वेगळ्या. हाताने बंद करायचा प्रकार घ्या. पाय दाबला की आपोआप बंद होणारं सोयीचं दिसतं, पण दांडीखाली बर्फ दाबला गेला की लागत नाही, आणि थंड बोटांनी ते खरवडत बसावं लागतं.

तिसरं एक्सप्लोर, एनएनएनवाल्या रोटेफेला कंपनीचंच, तुलनेने नवं. यात बुटाच्या टोकाला दोन्ही बाजूंना खुंट्या असतात, म्हणून पिळाला चांगलं पुरतं, आणि पुढचा रबरी ठोकळा मऊ-कडक बदलता येतो. अडचण एकच: याचे बूट दुसऱ्या कशात चालत नाहीत आणि दुसरे बूट यात चालत नाहीत. एकदा या घरात शिरलात की बूट-बाइंडिंगचा संसार नव्यानेच मांडायचा.

चौथं ७५ मिमीचं तीन खिळ्यांचं. नॉर्वेच्या ब्रोर वित यांनी १९२७ मध्ये केलेल्या रोटेफेला बाइंडिंगचा हा वारस. रोटेफेला या नावाचा अर्थच उंदराचा पिंजरा. बुटाचं बदकाच्या चोचीसारखं टोक तीन खिळ्यांवर ठेवायचं आणि वरून पट्टी दाबायची, एवढंच. हलणारे भाग नाहीत म्हणावे इतके कमी, त्यामुळे बिघडायला फारसं काही नसतं. टाचेमागून जाणारी केबल जोडली की जाड बुटाचा जोर सरळ स्कीवर उतरतो. सपाटीवर ती काढून ठेवता येते. तोटा वजनाचा. शिवाय बाइंडिंग डाव्या-उजव्या पायाचं वेगळं असतं, हे घाईत विसरायला होतं.

माझा हिशेब असा: कंबर ५५ मिमीच्या आसपास किंवा कमी असेल तर एनएनएन पुरे. ५५ ते ६५ मध्ये एनएनएन बीसी किंवा एक्सप्लोर, आणि चढउताराच्या वाटांवर बहुतेकांचं काम इथेच भागतं. ६८-७० च्या पुढे ७५ मिमी केबलसह, किंवा एक्सप्लोर ताठ बुटासह. रुंद स्कीवर एनएनएन बीसी बसवणारे आहेत आणि ते मऊ बर्फात खूशही असतात. गोठलेल्या उतारावर मी त्यांच्या मागे उभा राहणार नाही.

तळाचं थोडक्यात. हवामान शून्याच्या वरखाली होत असेल तर पकडीसाठी तळाला घासायच्या मेणापेक्षा खवले बरे. घसरण थोडी मंदावते, पण दर तासाला थांबून मेण घासावं लागत नाही. स्कीच्या पुढच्या भागात अडकणारी आखूड स्किन, म्हणजे तळाला लावायची केसाळ पट्टी, घेता येत असेल तर जरूर घ्या. ती चढासाठी असते, पण अरुंद उतारावर तशीच ठेवली तर ब्रेकचं काम करते. मी लाजत नाही.

लांबी उंचीवर नाही, पाठीवरच्या पिशवीसकट वजनावर ठरवा. कडक जमिनीवर दोन्ही स्कीवर उभे राहा आणि पायाखाली कागद सरकवा: तो सरकायला हवा. सगळं वजन एका स्कीवर घेतलं की तिच्याखालचा कागद दाबला जाऊन अडकला पाहिजे. न अडकल्यास स्कीची कमान (मधला वर उचललेला बाक) तुमच्यासाठी ताठ आहे, चढावर मागे घसराल. दोन लांबींमध्ये मन अडकलं तर चढउतारासाठी आखूड घ्या. वळणं सोपी जातात.

वापरलेली जोडी मिळत असेल तर स्कीआधी बूट वाकवून बघा: पंजाशी वाकावा, पण दोन हातांनी पिळला तर वळू नये. तीन खिळ्यांच्या बुटाला सोलमधली भोकं लांबट झालेली दिसली तर तो तिथेच ठेवा. आणि स्कीवर जुनं एसएनएस (सॉलोमन कंपनीची, वरच्या चारांत नसलेली बाइंडिंग-पद्धत) असेल तर ते बाइंडिंग काढायचंच आहे, हे धरून चला.