पुढचे जाम कॅलिपर: रबर किट टाकून पावसाळा काढल्यावर

गाडी जुनी, पुढे डिस्क, मागे ड्रम, एबीएस नाही. जुन्या अल्टो, वॅगन-आर, सँट्रोत असते तीच मांडणी: एका पिस्टनचं सरकतं कॅलिपर, म्हणजे डिस्कवर दोन्ही बाजूंनी पॅड दाबणारा, दोन पिनांवर सरकणारा भाग. वापर कोकण किनाऱ्यावर, खाऱ्या हवेत. उन्हाळ्याच्या शेवटी दोन्ही बाजूंना रबर किट (कॅलिपरचं सील आणि बूट), नवे पॅड आणि नवे होज (कॅलिपरला तेल नेणारे रबरी पाइप) टाकले. पावसाळा उलटल्यावर गाडी एका बाजूला ओढत नाही, घाट उतरून आल्यावर दोन्ही रिम सारख्याच गरम लागतात, आतला-बाहेरचा पॅड सारखा झिजतोय. तक्रार एकच आहे, ती पुढे येईल.

किट आणण्याआधी जाम नेमकं काय झालंय ते बघा. गाडी स्टँडवर घेऊन ब्रेक दाबून सोडा. चाक धरून राहिलं तर कॅलिपरवरचं हवा काढायचं निप्पल पाव आटा सैल करा. ब्रेक ऑइल पिचकारीसारखं उडून चाक सुटलं, तर दाब आत अडकला होता. निप्पल घट्ट करून पुन्हा ब्रेक दाबून सोडा आणि या वेळी होजच्या वरच्या टोकाला लोखंडी पाइपचा नट सैल करा. आता सुटलं तर दोष मास्टर सिलिंडरकडचा (पेडलने दाबला जाणारा, ब्रेकला दाब देणारा), नाही सुटलं तर होज आतून फुगलाय. बाहेरून तो अगदी ठणठणीत दिसतो, म्हणूनच गॅरेजमध्ये त्याच्याकडे कोणी बघत नाही. पिस्टन मागे दाबायचा, पिनांना ग्रीस फासायचं, गाडी परत. महिन्याभरात चाक पुन्हा धरतं.

निप्पल उघडूनही चाक हललं नाही, तर पिस्टन किंवा पिना. आतला पॅड संपत आलाय आणि बाहेरचा जाड आहे, तर बहुधा पिना. पॅड पाचरीसारखा तिरका झिजलाय, तर दोनपैकी एकच पिन.

डिस्कच्या कडेला गंजाची धार आली असेल तर कॅलिपर उपसून निघत नाही. निप्पलला नळी लावून ते उघडा आणि सी-क्लॅम्पने पिस्टन थोडा मागे न्या. घाण तेल बाहेर पडतं, मास्टरकडे परत जात नाही. निप्पल गंजलं असेल तर आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल मारून ठेवा आणि सहाकोनी सॉकेटच वापरा; साध्या पान्याने कोपरे गोल झाले की पुढचं काम लेथवाल्याचं. सुटलेलं कॅलिपर होजवर लोंबकळू देऊ नका, तारेने स्प्रिंगला बांधा.

जाम पिन ओढायची नाही, फिरवायची. पिना ज्यात बसतात ते ब्रॅकेट उतरवून वाइसमध्ये धरा, पिनेवरचे रबरी बूट काढा, पाना लावून पिन डावी-उजवी हलवत गंज सोडवणारं तेल आत मुरू द्या. तरीही अडली तर ब्रॅकेट तापवा, पिन नव्हे. आधी ब्रेक क्लीनर मारला असेल तर ज्योत लावू नका: क्लोरीनवाला क्लीनर तापला की विषारी वायू होतो.

पिस्टन काढायला कॉम्प्रेसरपेक्षा ब्रेकचं पेडल चांगलं, आणि तेही होज सोडायच्या आधी. पेडलचा दाब हवेपेक्षा कितीतरी जास्त असतो आणि पिस्टन सावकाश येतो. समोर लाकडी ठोकळा ठेवा, दुसऱ्या बाजूचं कॅलिपर पॅडसकट जागेवर असू द्या. पेडलखालीही एक ठोकळा हवा. जुन्या मास्टरमध्ये पेडल तळापर्यंत गेलं की रबरं न वापरलेल्या, गंजक्या भागावरून घासून फाटतात.

पिस्टनवर नख फिरवा. नख अडकेल असा खड्डा असेल किंवा क्रोम उडालं असेल तर पिस्टन बदला, नुसतं किट टाकून उपयोग नाही. ब्रेक सोडल्यावर पिस्टन केसभर मागे ओढतं ते चौकोनी सीलच, म्हणून सीलची खोबण दाभणाने कोरून स्वच्छ करा. धुवायला पेट्रोल-डिझेल नको, रबर फुगतं. सील ताज्या ब्रेक ऑइलमध्ये भिजवून बसवा. पिनांना सिलिकॉन ग्रीस लावा. बेअरिंगचं साधं ग्रीस लावलं की टोकाला रबर बुश असलेल्या पिनेचा बुश फुगून पुन्हा जाम. ती पिन ज्या भोकातली त्याच भोकात जाते. होज कॅलिपरला धरणाऱ्या बँजो बोल्टला दोन नवे वॉशर, होजच्या दोन्ही अंगांना एकेक.

ब्रेक ऑइल डॉट 3 किंवा डॉट 4, त्याच्या टाकीच्या झाकणावर लिहिलेलं असेल ते. डॉट 5 सिलिकॉनचं असतं, ते मिसळायचं नाही. पुढच्या दोन्ही ब्रेकमधली हवा काढायला अर्ध्या लिटरची बाटली पुरते. मधे टाकी रिकामी पडू देऊ नका. गाडी हलवण्याआधी पेडल कडक होईपर्यंत पंप करा, नाहीतर पहिला ब्रेक हवेत जातो.

आता ती तक्रार. डाव्या बाजूला बाजारातलं स्वस्त किट होतं. सील ठीक निघालं, पण डस्ट बूट (पिस्टनवरचं धूळ अडवणारं रबर) पावसाळ्यातच कडक होऊन काठ खोबणीतून सुटला आणि पिस्टनच्या तोंडावर गंजाची तांबडी रेघ दिसू लागली. रेघ बूटच्या बाहेरच होती, सीलपर्यंत पोचली नव्हती, म्हणून बारीक पाण्याच्या पेपरने साफ करून कंपनीचं किट टाकलं आणि पिस्टन वाचला. उजवीकडे पहिल्यापासून कंपनीचंच आहे, तिथलं बूट अजून मऊ आहे. खालच्या पिनेतलं ग्रीस मात्र दोन्हीकडे चिखलाने काळं पडलं होतं. ते दरवर्षी पाऊस संपला की बदलायला हवं. चाक उतरवून तासाभराचं काम आहे.